शेजारच्या टेबलावर दृष्टिहीन सहकारी रुजू होत असेल, तर

नियुक्तीची यादी येते, एका नावापुढे 'दिव्यांग – अंध' असं लिहिलेलं असतं आणि दुपारच्या चहापर्यंत शाखेत एकच प्रश्न फिरायला लागतो: यांना काम काय द्यायचं? पुष्कळ कार्यालयांत याचं उत्तर दयेपोटी दिलं जातं. "राहू द्या हो, कशाला त्यांना त्रास? बसू दे आरामात." मग स्पर्धा परीक्षा देऊन निवडून आलेला माणूस रिकाम्या टेबलापाशी दिवस काढतो, फोन वाजला तर उचलतो आणि संध्याकाळी घरी जातो. असं वर्षानुवर्षं चालतं. बोलून बघा, दृष्टिहीन कर्मचाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार जिन्याची किंवा लिफ्टची नसते. 'आम्हाला काम देत नाहीत' ही असते.

हा लेख त्या टेबलाच्या आजूबाजूला बसणाऱ्यांसाठी आहे. शेजारचा सहकारी, आस्थापना लिपिक, कक्ष अधिकारी, ज्यांची ही पहिलीच वेळ आहे असे सगळे. माझं म्हणणं एवढंच आहे की त्यांचं काम कमी करू नका, कामापर्यंत पोचायच्या वाटेतले अडथळे काढा. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, कोणाची मंजुरीही लागत नाही.

रुजू व्हायच्या आधी: एक फोन करा

आस्थापनेवरच्या कोणीतरी त्यांना स्वतःला फोन करावा. त्यांच्या वडिलांना किंवा नवऱ्याला नव्हे. विचारायचं ते कामापुरतं: पूर्ण दृष्टिहीन आहात की थोडं दिसतं? संगणकावर कोणता स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरता? स्टेशनपासून किंवा बसथांब्यापासून एकटे येता का, पहिल्या दिवशी कोणी सोबत यायला हवं का? थोडं दिसणाऱ्या माणसाच्या गरजा वेगळ्या असतात. मोठी अक्षरं, खिडकीकडे पाठ असलेली खुर्ची, झगमग न करणारा दिवा एवढ्यावर कदाचित त्यांचं काम भागेल. "कसं झालं हो? जन्मापासून का?" हा प्रश्न विचारू नका. पुढे ओळख वाढल्यावर सांगायचं तर ते सांगतील.

कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलेलं आहे आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यातला १ टक्का दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी उमेदवारांसाठी आहे. कलम २० म्हणतं की सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला कामासाठी लागणारे वाजवी बदल करून दिलेच पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये हे अधिक उलगडून सांगितलं: प्रत्येकाची गरज वेगळी असते आणि ती त्या व्यक्तीशी बोलूनच ठरवायची असते. म्हणून आधी फोन. साहेबांना फाईलवर टिपणी हवी असेल तर हा संदर्भ टाका, पुढचं सोपं जातं.

पहिला दिवस: जागा हाताखालून जाऊ द्या

भेटल्यावर आपलं नाव सांगा. "नमस्कार सर, मी आवक-जावकमधला देशपांडे" एवढं पुरे. आणि 'ओळखा पाहू, मी कोण?' हा खेळ कृपा करून खेळू नका. वीस माणसांच्या कार्यालयात वीस जणांनी दिवसातून एकेकदा हा प्रश्न विचारला, तर त्या माणसाची रोज तोंडी परीक्षा होते. निघून जातानाही सांगून जा, नाहीतर ते रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतात.

चालताना हात धरून ओढू नका, खांद्याला धरून ढकलू नका, पांढऱ्या काठीला तर हात लावूच नका. "माझा हात धरता का?" असं विचारा आणि आपलं कोपर पुढे करा. ते कोपराच्या जरा वर धरतील आणि अर्धं पाऊल मागे राहून चालतील. तुमचं शरीर वळलं की त्यांना वळण कळतं, तुम्ही थांबलात की थांबा कळतो. जिना आला की "पायऱ्या वर" किंवा "पायऱ्या खाली" असं सांगा आणि पहिल्या पायरीपाशी क्षणभर थांबा. अरुंद जागेत आपला हात पाठीमागे न्या, म्हणजे ते बरोबर तुमच्या मागे येतील. खुर्ची दाखवताना त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर नेऊन ठेवा. बसायचं ते बसतील.

पहिल्या दिवशी चार वाटा सावकाश फिरून दाखवा: दारापासून टेबल, टेबलापासून स्वच्छतागृह, पाण्याची जागा आणि साहेबांची केबिन. खुणा हाताला लागणाऱ्या सांगा. "दारातून आत आल्यावर उजव्या हाताला भिंत, मग लोखंडी कपाट, कपाट संपलं की तुमचं टेबल." स्वच्छतागृहात आत जाऊन नळ, कडी आणि भांडं कुठे आहे ते एकदा नीट सांगावं लागतं. पुरुषांना पुरुषाने, बायकांना बाईने. हा भाग संकोचाने सगळे टाळतात आणि नेमका तिथेच माणूस अडकतो.

त्या दिवसापासून सगळ्या शाखेने दोन सवयी लावून घ्यायच्या. दार एकतर पूर्ण उघडं ठेवा किंवा पूर्ण बंद, कारण अर्धवट उघड्या दाराची कड थेट कपाळावर बसते. आणि पॅसेजमध्ये गठ्ठे, पाण्याचे कॅन, जुन्या खुर्च्या ठेवायच्या नाहीत. टेबलं हलवली तर ते येण्याआधी फोन करून कळवा. टेबलावर चहा ठेवला तर "उजव्या हाताला ठेवलाय" असं म्हणा. त्यांच्या टेबलावरच्या वस्तू आवरायला जाऊ नका, आपल्याला पसारा वाटतो तो त्यांना पाठ असतो.

संगणक, आणि आपल्या मराठी फॉन्टचा घोळ

एनव्हीडीए हा फुकट आणि मुक्त स्रोत असलेला स्क्रीन रीडर आहे. मायकल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये त्याची सुरुवात केली. ते विंडोजवर चालतं आणि मराठीही वाचतं. मशीनवर बसवायची परवानगी लगेच मिळत नसेल तर पेनड्राइव्हवरूनही चालवता येतं. 'खरेदी प्रस्ताव पाठवलाय, बजेट आलं की बघू' या कारणाला त्यामुळे जागा उरत नाही. जॉज हे दुसरं सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण विकतचं आहे. नवा कर्मचारी ज्यावर शिकलाय तेच द्यावं.

आमच्या शाखेतल्या ताई काम करताना एका कानात इअरफोन घालतात, दुसरा कान आमच्यासाठी मोकळा. आवाजाचा वेग इतका असतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नुसती घरघर वाटते. एकदा त्या एक पत्र ऐकत होत्या, मध्येच थांबल्या, बाणाची कळ दोनदा मागे दाबली आणि म्हणाल्या, "मजकुरात सहपत्रं पाच आहेत, खाली यादीत चारच आहेत." ते पत्र तीन टेबलांवरून सह्या होऊन आलेलं होतं.

हे जमण्यासाठी मजकूर मात्र युनिकोडमध्ये हवा, म्हणजे मराठी अक्षर संगणकात मराठी म्हणूनच साठवलं जातं त्या पद्धतीत. महाराष्ट्रातल्या कार्यालयांची खरी अडचण इथे आहे. कृतिदेव, श्रीलिपीचे जुने फॉन्ट, डीव्हीबी-टीटी सुरेख यांत टंकलेलं मराठी पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरी मुखवटा चढवतो. स्क्रीन रीडर मुखवटा पाहत नाही, आतलं वाचतो. कृतिदेवमध्ये टंकलेल्या 'महाराष्ट्र' शब्दातलं 'महारा' त्याला 'ई जी के जे के' असं सापडतं. अख्खं परिपत्रक असं ऐकून बघा, म्हणजे दृष्टिहीन लिपिकाला 'मराठी काम जमत नाही' असं आपण किती सहज म्हणतो ते कळेल.

ओळखायची रीत सोपी आहे. मजकूर निवडा आणि फॉन्ट बदलून मंगल किंवा एरियल करा. मराठी मराठीच राहिलं तर युनिकोड. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा झाला तर जुना फॉन्ट. आता करायचं काय? नवीन सगळं टंकलेखन आजपासून युनिकोडमध्ये करा, त्यासाठी लागणारा इन्स्क्रिप्ट हा मराठी कळफलक विंडोजमध्येच मिळतो. नेहमी लागणारे नमुने आधी बदलून घ्या: टिपणीचा मसुदा, स्मरणपत्र, रजा मंजुरी, माहिती अधिकाराचं उत्तर. फॉन्ट बदलून देणारे परिवर्तक इंटरनेटवर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला, तिथे चुका राहतात. जुन्या फायली लागतील तशा बदला. सगळं एकदम करायला बसलात तर ते कधीच होणार नाही.

दुसरी अडचण स्कॅनची. छापील पत्र स्कॅन करून केलेली पीडीएफ म्हणजे पत्राचं छायाचित्र. त्यात ऐकण्यासारखा मजकूरच नसतो. पत्र आपल्याच कार्यालयात तयार झालं असेल तर मूळ वर्डची फाईल सोबत पाठवा. बाहेरून आलं असेल तर गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडा, टंकलेल्या मराठीचा मजकूर बराचसा सुटून येतो. गोपनीय कागद मात्र असे बाहेर चढवायचे नाहीत, ते वाचून दाखवा. हाताने लिहिलेले अर्जही वाचूनच दाखवावे लागतात.

एक्सेलमध्ये रंगाने खुणा करू नका. "लाल केलेली प्रकरणं प्रलंबित" हे त्यांच्यापर्यंत पोचत नाही. 'स्थिती' असा एक रकाना करा आणि त्यात 'प्रलंबित' असं लिहा. जोडलेल्या चौकटी आणि मध्ये सोडलेल्या रिकाम्या ओळी ऐकताना गोंधळात टाकतात, शीर्षकाची ओळ एकच ठेवा. सांगताना "तिथे क्लिक करा" म्हणू नका. ते माऊस वापरत नाहीत. "कंट्रोल एस", "टॅब तीन वेळा" असं सांगा. आणि त्यांचा पडदा काळा दिसला तर मशीन बंद पडलं समजून प्लग काढू नका. एनव्हीडीएमध्ये पडदा झाकून ठेवायची सोय आहे, मागे उभ्या असलेल्याला मजकूर दिसू नये म्हणून ते ती वापरतात.

काम वाटताना

पहिल्या आठवड्यातच काम द्या, आणि खरं काम द्या. ज्याला मुदत आहे, ज्यावर त्यांचं नाव आहे, जे चुकलं तर परत येईल असं. टंकलिखित पत्रांची उत्तरं, टिपणीचे मसुदे, पाठपुराव्याचे फोन, माहिती अधिकाराचे अर्ज, बैठकीचं इतिवृत्त हे सगळं युनिकोड आणि स्क्रीन रीडरवर नीट होतं. हस्तलिखित नोंदवह्या, नकाशे, जुनी जीर्ण कागदपत्रं अवघड जातात. तिथे अदलाबदल करा: तुमच्या वाटणीची दोन पत्रं ते लिहितील, त्यांच्या वाटणीच्या नोंदवहीत नोंद तुम्ही कराल. ही सोय कार्यविवरणात लिहून घ्या, म्हणजे साहेब बदलले तरी ती राहते.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील नागरी सेवा परीक्षा उत्तीर्ण झाल्या तेव्हा त्यांना रेल्वे लेखा सेवा मिळाली होती, पण दृष्टिहीन असल्याच्या कारणावरून रेल्वेने त्यांना घेतलं नाही. पुढच्या प्रयत्नात त्या १२४ व्या क्रमांकाने आयएएस झाल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या सब-कलेक्टर म्हणून त्यांनी कार्यभार घेतला. दिसत नाही म्हणून ज्यांना दार दाखवलं, त्यांच्याकडे महसुली उपविभाग सोपवला गेला. आपल्या शाखेत आवक-जावकसुद्धा 'जमेल का?' असं वाटत असेल तर हे आठवा.

सहीबद्दल एक गोष्ट पक्की ठेवा. कागद पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय किंवा त्यांनी ऐकल्याशिवाय सही मागायची नाही. "करा हो सही, नेहमीचंच आहे" असं कोणी म्हणालं तर थांबवा. सहीची जागा दाखवायला जाड पुठ्ठ्याची पट्टी ओळीखाली धरा किंवा पुठ्ठ्यात सहीएवढी खिडकी कापून ती कागदावर ठेवा.

चूक झाली तर इतरांना सांगता तशी सांगा. सांभाळून घेतो म्हणून गुपचूप दुरुस्त करत राहिलात तर गोपनीय अहवालात लिहायला काहीच उरत नाही आणि पदोन्नतीच्या वेळी तेच त्यांच्या अंगावर येतं. प्रशिक्षणाच्या यादीतूनही त्यांचं नाव 'प्रवास झेपणार नाही' म्हणून परस्पर वगळू नका. विभागीय परीक्षा असेल तर लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ यासाठी अर्ज वेळेत गेला का, हे आस्थापनेने बघावं.

बैठक, व्हॉट्सअ‍ॅप आणि हजेरी

बैठकीत बोलणाऱ्याने आधी नाव सांगावं. फळ्यावर किंवा पडद्यावर जे आहे ते एका वाक्यात बोलावं: "या तक्त्यात तालुकानिहाय प्रलंबित प्रकरणं आहेत, सर्वात जास्त अमुक तालुक्यात." विषयपत्रिका आदल्या दिवशी पाठवा. हात वर करून मत घेत असाल तर किती आणि कोणाचे ते मोठ्याने सांगा.

शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परिपत्रकाचा फोटो टाकला, तर खाली दोन ओळी टंकून लिहा: कशाबद्दल, कधीपर्यंत. फोटोखाली 'सर्वांनी नोंद घ्यावी' एवढंच असेल तर त्यांनी नोंद कशाची घ्यायची? वाढदिवसाला पंचवीस फुलं पाठवली की फोन एकेक फूल नाव घेऊन वाचतो, तेही लक्षात असू द्या.

हजेरीचं यंत्र चेहरा ओळखणारं असेल आणि डोळ्यांची उघडझाप मागत असेल, तर अनेकांची हजेरी लागतच नाही. केवायसीच्या (बँका वगैरे करतात त्या ओळख पडताळणीच्या) बाबतीत हाच प्रश्न ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन याचिकाकर्त्यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला होता. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि प्रक्रिया बदलायचे निर्देश दिले. कार्यालयात मस्टरवर सहीचा पर्याय खुला ठेवला तरी काम होतं.

सहकाऱ्याची गरज वेगळी असेल तर

ऐकू न येणाऱ्या सहकाऱ्याशी समोरून, उजेडात, तोंड न झाकता बोला. ओरडून उपयोग नसतो, ओठ वाकडे दिसतात आणि समजणं आणखी अवघड होतं. लक्ष वेधायला हात हलवा किंवा खांद्याला हलकेच स्पर्श करा. लिहून देणार असाल तर वाक्यं छोटी ठेवा, कारण ज्यांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे त्यांना सरकारी मराठीची लांबलचक वाक्यं परक्या भाषेसारखी असतात. गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब हे अ‍ॅप बोललेलं मराठी लेखी दाखवतं, रोजच्या बोलण्याला ते पुरतं. चौकशी, सुनावणी किंवा प्रशिक्षण असेल तर मात्र दुभाषा बोलवा.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी उतार १ ला १२ हवा, म्हणजे सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट लांबीचा रॅम्प. त्याहून चढा असेल तर तो फोटोपुरताच. आहे त्या रॅम्पवर दुचाकी लावू देऊ नका. दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह उघडून बघा. कित्येक ठिकाणी त्यात झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या भरलेल्या असतात आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नसतं. लिफ्ट नसेल तर टेबल तळमजल्यावर आणा. व्हीलचेअरला टेकून उभं राहायचं नाही, ती त्यांच्या अंगाचा भाग आहे.

न दिसणाऱ्या दिव्यांगत्वात सहकाऱ्यांची खरी परीक्षा असते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत आणि तो आजार २१ प्रकारांच्या यादीत आहे. वेदनेचा झटका आला की धडधाकट दिसणारा माणूस दोन दिवस उठू शकत नाही. अशा सहकाऱ्याची खुर्ची एसीच्या झोतापासून लांब ठेवा, पाणी हाताशी असू द्या आणि "काल तर बरे होतात" हे वाक्य गिळा. मानसिक आजाराचंही तसंच. कोणाचं प्रमाणपत्र, कोणाचं निदान हे आस्थापनेच्या कपाटातून चहाच्या टपरीवर जाता कामा नये.

आणि नोकरीत असताना अपघाताने किंवा आजाराने कोणाला दिव्यांगत्व आलं, तर सरकारी आस्थापनेला त्याला काढता येत नाही की पद उतरवता येत नाही. कलम २० (४) नुसार त्याच वेतनाच्या दुसऱ्या पदावर न्यायचं, पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांखेरीज जादा धरलेल्या, पदावर ठेवायचं. घाबरलेले कुटुंबीय राजीनामा लिहून द्यायला येतात. तो घेऊन ठेवण्याआधी त्यांना हे कलम दाखवा.

अडचण तशीच राहिली तर

आधी शाखाप्रमुखांना लेखी द्या: काय हवंय, कशासाठी, त्याविना कोणतं काम अडलंय. त्याने हललं नाही तर कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत नेमलेला तक्रार निवारण अधिकारी असतो. तक्रार नोंदवहीत घेऊन दोन आठवड्यांत चौकशी करायची जबाबदारी त्याची आहे. तो कोण, हे कार्यालयात कोणालाच माहीत नसेल तर नेमणुकीच्या आदेशाची प्रत मागा. त्यापुढे पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. खासगी कंपनीत असाल आणि तिथे वीस किंवा अधिक कर्मचारी असतील, तर समान संधी धोरण आणि संपर्क अधिकाऱ्याचं नाव कंपनीने जाहीर करायला हवं. ते मागून घ्या.

अर्ज त्यांना स्वतःला लिहू द्या. सहकाऱ्याने करायचं ते वेगळं. अर्जाची पोच शिक्क्यासह घेतली का ते बघा, फोटो लागत असतील तर रॅम्पचा, बंद स्वच्छतागृहाचा, हजेरी न घेणाऱ्या यंत्राचा फोटो काढून द्या, आणि चौकशीत विचारलं तर जे पाहिलं ते नावानिशी सांगा. उत्तर स्कॅन करून आलं, तर त्याची मजकुराची प्रत त्याच दिवशी मागून घ्या.